ट्रॉम्बोनची स्लाइड बदलली की आवाज खरंच बदलतो का?

अनुस्वार

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आम्ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला असतो. लेक १६ वर्षांची आहे, सहावीपासून शाळेच्या बँडमध्ये टेनर ट्रॉम्बोन वाजवते. आजवर शाळेचं वाद्य वापरलं, आता स्वतःचं घ्यायचं ठरलंय. तिच्या सरांनी आम्हाला हाताने ट्रॉम्बोन घडवणाऱ्या एका कारखान्यात पाठवलं. तिथे गेल्यावर कळलं की हे वाद्य अख्खं एक असं विकत घेतच नाहीत. बेल (पुढचं कर्ण्यासारखं तोंड) वेगळी निवडायची, ट्युनिंगचा वळसा वेगळा, स्लाइड वेगळी. बेल तिने अर्ध्या तासात निवडली. स्लाइडवर मात्र गाडी अडली ती अडलीच.

शेवटी त्यांनी दोन स्लाइड दोन आठवड्यांसाठी घरी न्यायला दिल्या.

पहिली: बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, सगळीकडे ०.५४७ इंच. बाहेरच्या नळ्या पिवळ्या पितळेच्या, खालचा यू-वळसाही पितळेचा.

दुसरी: ज्यातून फुंकतात ती वरची नळी ०.५२५, खालची ०.५४७. बाहेरच्या नळ्या आणि वळसा निकेल सिल्व्हरचा. हातात घेतली की लगेच हलकी लागते.

लेक म्हणते, दोन्हींचा आवाज वेगळा आहे आणि दुसरीत "सूर लगेच सापडतो". तिचे बाबा म्हणतात, हा सगळा मनाचा खेळ आहे, बेल तीच, मुखनळी तीच, ओठ तेच, मग आवाज कसा बदलेल? मला फरक जाणवतो, पण लेकीने आधीच सांगितलंय म्हणून जाणवतो की खरंच आहे, ते कळत नाही. किमतीत फारसा फरक नाही, तेव्हा प्रश्न पैशांचा नाही. ती हे वाद्य पुढची वीस-पंचवीस वर्षं वाजवेल. चुकीचं घ्यायचं नाही एवढंच.

इथे कोणी जाणकार आहे का?

चहाबाज

ट्रॉम्बोन म्हणजे मिरवणुकीत पुढे-मागे ओढतात तो ना? लहानपणी मी त्याच्या अगदी समोर उभा राहायचो आणि आई मागे खेचायची. धागा वाचतोय.

अनुस्वार

@चहाबाज, तोच. तुमच्या आईचं बरोबर होतं, सातव्या स्थानाला स्लाइड चांगली अर्धा मीटर पुढे येते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: बाकीच्या बहुतेक पितळी वाद्यांना कळा असतात, याला सरकणारी नळी. आत दोन सरळ नळ्या, त्यांच्यावर बाहेरच्या दोन, आणि बाहेरच्या दोन खाली यू-वळशाने जोडलेल्या. बाहेरचा भाग पुढे ढकलला की हवेचा रस्ता लांबतो, सूर उतरतो. एकूण सात स्थानं, प्रत्येक एका अर्ध्या सुराची. कुठेही खूण नाही, सगळं कानाने आणि मनगटाने. माझं मत म्हणाल तर पेटीपेक्षा हे वाद्य आपल्या गळ्याला जास्त जवळचं आहे. मींड जन्मजात येते.

ध्वनिलहरी

छान विषय. मी नागपूरला पदवीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो, हे उदाहरण वर्गात वापरतो.

टेनर ट्रॉम्बोनची नळी साधारण २.७ मीटर. सहा अर्धे सूर उतरायचे तर लांबी सुमारे १.४१ पट व्हायला हवी, म्हणजे १.१ मीटर वाढ. नळी जाते आणि परत येते, त्यामुळे हात त्याच्या निम्मा, म्हणजे साधारण ५६ सें.मी. पुढे जातो. पहिल्या स्थानाकडून दुसऱ्याकडे जाताना हात ८ सें.मी. सरकतो, सहाव्याकडून सातव्याकडे जाताना जवळजवळ ११. अंतरं समान नसतात, आणि मुलांना ते हाताला शिकवायला वर्षं लागतात.

आता मूळ प्रश्न. अनुस्वार, तुमच्या दोन स्लाइडींत एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या आहेत: बोअर, धातू आणि वजन. मग फरक कशाने पडला ते कसं कळणार?

धातूबद्दल माझं मत तुमच्या यजमानांकडे झुकतं. आवाज हवेच्या खांबाचा असतो, पितळेचा नव्हे. १९७१ साली जॉन कोल्टमन यांनी वेगवेगळ्या पदार्थांच्या बासऱ्यांवर प्रयोग केला. ऐकणाऱ्यांना आणि वाजवणाऱ्यांनाही पदार्थ ओळखता आला नाही. १९८०च्या दशकात इंग्लंडमध्ये रिचर्ड स्मिथ यांनी वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्याच्या ट्रॉम्बोन बेल व्यावसायिक वादकांना न दाखवता वाजवायला दिल्या. त्यांनाही खात्रीने सांगता आलं नाही.

बोअरची गोष्ट वेगळी. तिथे हवेचा रस्ताच बदलतो.

कोथरूडचा_टर्नर

सर, आदर ठेवून थोडा असहमत. पण आधी माझा अनुभव.

टूलरूममध्ये ३४ वर्षं काढली. निवृत्तीनंतर घरामागे छोटं लेथ आहे. सात-आठ वर्षांपूर्वी लग्नाच्या बँडमधले एक गृहस्थ स्लाइड घेऊन आले. कुणीतरी पाय दिला होता. बाहेरच्या नळीला पोचा, तिसऱ्या स्थानाशी खरखर करून अडकायची. दोन ठिकाणी फिरून आले होते, एकाने पोचा ठोकून काढताना नळी लांबट गोल करून ठेवली होती.

मी आयुष्यभर बेअरिंगांची भोकं मोजली, पण ही वस्तू हातात आल्यावर थक्क झालो. आतली नळी बाहेरच्या नळीला सगळीकडे घासत नाही. तिच्या टोकाशी काही इंचांचा भाग जरासा जाड असतो, त्याला स्टॉकिंग म्हणतात, म्हणजे नळीने मोजे घातल्यासारखे. टेकतात ते फक्त मोजे. बाकी नळी हवेत. आतल्या नळीवर हार्ड क्रोम. आणि हे दोन दोन नळ्यांचं जोडकाम आहे, दोन्ही पाय एकमेकांना समांतर नसले, वरच्या टोकाला अंतर एक आणि खालच्या टोकाला दुसरं, की संपलं. एकेक नळी वेगळी घालून पाहिली तर लोण्यासारखी, दोन्ही एकत्र घातल्या की जाम!

मी त्या व्यासाचा मँड्रेल, म्हणजे नळीच्या आत घालायचा दांडा, स्टीलमध्ये टर्न केला, पॉलिश केला, बाहेरची नळी त्यावर चढवली आणि रोलरने हळूहळू आतून बाहेरून दाबत आणली. दोन दिवस गेले. मग ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर (अगदी सपाट लादीवर) आतली स्लाइड आडवी ठेवून एका कोपऱ्यावर बोट टेकवलं, टकटक झालं. म्हणजे पीळ होता. तो काढला. शेवटी स्लाइड उभी धरली आणि बाहेरचा भाग सोडला, तर सर्रकन आपल्या वजनाने खाली आला. हातात झेलला. त्या गृहस्थांनी तिथेच ओसरीवर वाजवून दाखवलं.

तुम्हीही दोन्ही स्लाइडींवर ही परीक्षा करा. उभी धरून सोडा, खाली दुसऱ्याचा हात असू द्या. जी अडखळेल ती परत करा, आवाज कितीही गोड असला तरी.

असहमती आता. नळ्या आणि ब्रेस (दोन नळ्यांना जोडणारे आडवे दांडे) डाग देऊन जोडताना कारागिराने जोर लावून जागेवर बसवल्या तर तो ताण धातूत राहतो. चांगला कारागीर तुकडे ताण न देता आपोआप जुळतील असे आणतो आणि मगच सोल्डर करतो. असा ताण नसलेला सांगाडा हाताला वेगळा लागतो. लहर हवेची असेल, पण वाजवणाऱ्याच्या दातांपर्यंत कंप धातूतून जातो.

ध्वनिलहरी

@टर्नर, जाणवतो हे मान्य, त्यावर वाद नाही. वाजवणाऱ्याला जाणवणं आणि दहा फुटांवर बसलेल्याला ऐकू येणं या दोन गोष्टी आहेत. पण वाजवणाऱ्याला जाणवलं की तो वेगळं वाजवतो, आणि मग दहा फुटांवरही वेगळं ऐकू येतं. त्यामुळे तुमचं म्हणणं मी टाकून देत नाही.

मांडवीकाठ

वाचून डोळे भरले हो. माझे तियो, म्हणजे काका, मुंबईत ट्रॉम्बोन वाजवायचे. गोव्यात चर्चच्या शाळेत मेस्त्रींच्या (संगीत शिक्षकांच्या) हाताखाली आधी सोल्फ, म्हणजे पाश्चात्य सरगम, शिकले, वाद्य नंतर मिळालं. मुंबईत आले ते धोबीतलावच्या कुडात उतरले, गावच्याच लोकांच्या खोलीत. संध्याकाळी हॉटेलात नाच, सकाळी स्टुडिओत रेकॉर्डिंग.

त्यांचा ट्रॉम्बोन किंग २बी. जहाजावर वाजवणाऱ्या एकाकडून जुना घेतलेला. त्याचा बोअर ०.४८१ आणि ०.४९१, म्हणजे तुमच्या दोन्ही स्लाइडींपेक्षा बारीक. जॅझवाल्यांचं ते लाडकं वाद्य. तियो म्हणायचे की मोठ्या बोअरचा आवाज सभागृह भरतो आणि बारीक बोअरचा माइकला सापडतो. स्टुडिओत एकच माइक, पन्नास वादक, त्यात ट्रॉम्बोनच्या चार सुरांना जागा मिळायची. ते चार सूर स्वच्छ कापून निघाले पाहिजेत.

आणि पॉन्ड्स कोल्ड क्रीम! कपाटात डबी असायची, आम्ही पोरांनी हात लावला की ओरडा. आतल्या नळीच्या मोज्यांवर बोटाने इतकंच, दिसेल न दिसेल असं लावायचे, मग छोट्या बाटलीतून पाण्याचा फवारा. क्रीमवर पाण्याचे मणी उभे राहायचे, त्या मण्यांवर स्लाइड धावायची. पावसाळ्यात टॅक्सीतून जाताना स्लाइड मांडीवर, बाकी वाद्य पायाशी. स्लाइड कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही, मला एकदाच धरू दिली.

चकली_भाजणी

पॉन्ड्सचा हा उपयोग माझ्या आजीला कळला असता तर तिने आजोबांच्या तबल्यालाही लावलं असतं. :)

बँडमास्तर_सातारा

जय हिंद. सैन्याच्या बँडमध्ये २२ वर्षं काढली, शिक्षण पचमढीला. संचलनात ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत का असतात हे लोक विचारतात. शोभेसाठी नाही. स्लाइडला पुढे जागा लागते, मागे ठेवले तर पुढच्याच्या पाठीत बसेल.

माझं मत उघड्या मैदानाचं आहे. तिथे वारा, धूळ, ऊन. राजस्थानात एकदा परेडच्या आधी दीड तास उभे होतो. स्लाइडला हात लावला तर चटका. वाळूचा एक कण मोज्याखाली गेला की क्रोमवर रेघ उठते, ती आयुष्यभर राहते. त्यामुळे मी पोरांना सांगायचो की धातू कुठला ते नंतर, आधी स्लाइड रोज पुसली का सांगा. आत कापडाची दोरी ओढली का सांगा.

ताई, आणखी एक. पितळेच्या आत घाम, लाळ साठत गेली की जस्त निघून जातं आणि गुलाबी ठिपके दिसायला लागतात. ठिपका म्हणजे पितळ आतून खाल्लं गेलं. विशेषतः खालच्या वळशात, पाणी तिथेच साठतं. निकेल सिल्व्हर त्या मानाने टिकतं. तुमच्या लेकीला घाम जास्त येत असेल तर हाही विचार करा.

बासरीवाला

निकेल सिल्व्हरमध्ये चांदी किती टक्के असते?

कोथरूडचा_टर्नर

शून्य. तांबं, निकेल आणि जस्त. रंगामुळे नाव पडलं. आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात तेच.

ब्रेमेनकर

नावातला जर्मन इथे हजर. :) मी ब्रेमेनला राहतो, इथे हाताने ट्रॉम्बोन घडवणारे ठाइन हे जुने नाव आहे, त्यामुळे गावात हा विषय निघतो. मी स्वतः शेजारच्या चर्चच्या पोझाउनेनकोरमध्ये बसतो. जर्मनीत गावोगावच्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये असे पितळी वाद्यांचे गट असतात, त्यांच्यात न्हावी, शिक्षक, डॉक्टर सगळे.

जर्मनमध्ये स्लाइडला त्सूग म्हणतात, ओढणे या क्रियापदावरून. रेल्वेगाडीलाही त्सूगच. तालमीला उशिरा येणाऱ्याने "माझी त्सूग अडकली" म्हटलं की कुठली, असं विचारावं लागतं.

थोडा इतिहास, कारण प्रश्नाशी संबंध आहे. न्यूरेम्बर्ग हे या वाद्याचं माहेरघर. तिथल्या एरास्मुस श्निट्झरने १५५१ साली केलेला ट्रॉम्बोन आजही तिथल्या संग्रहालयात आहे. त्या काळच्या स्लाइडींना मोजे नसायचे. आतली नळी पूर्ण लांबीभर बाहेरच्या नळीत घासत जायची, बोअर बारीक, पत्रा पातळ. मी अशा जुन्या घडणीची एक नक्कल वाजवून पाहिली आहे. हाताला जड लागते, पण आवाज माणसाच्या गळ्याशेजारी बसतो. म्हणून तर चर्चमध्ये गायकांबरोबर चालायचा. १९व्या शतकात लाइपझिगच्या झाटलरने बोअर आणि बेल रुंद केली, १८३९ साली त्यानेच टेनरला एफचा व्हॉल्व्ह (आणखी खालच्या सुरांसाठीची कळ) लावला, आणि मोठ्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन मागच्या रांगेतून सगळ्यांना पेलायला लागला. पुढे अमेरिकेत एल्कहार्ट गावच्या कारखान्यांनी ०.५४७ हा आकडा जवळजवळ प्रमाणच करून टाकला. कॉन ८८एच आणि बाख ४२ ही दोन्ही मॉडेलं त्याच मापाची.

आता अनुस्वार यांना एक प्रश्न: दोन्ही स्लाइडींत लीडपाइप कुठली आहे?

अनुस्वार

लीडपाइप म्हणजे?

ब्रेमेनकर

स्लाइडच्या वरच्या टोकाला, जिथे मुखनळी बसते, तिथे आत साधारण वीतभर लांबीची एक निमुळती नळी असते. बाहेरून दिसत नाही. तोंडाशी अरुंद, मग हळूहळू रुंद होत बोअरला मिळते. ती काढली तर ट्रॉम्बोन वाजतो, पण सूर आपल्या जागेवर बसत नाहीत, हवा कुठेतरी सांडते असं वाटतं. काहींत डाग देऊन पक्की केलेली असते, काहींत आटे असतात आणि काढता येते. तुमच्या लेकीला "सूर लगेच सापडतो" असं वाटलं ना? हे वाक्य मी ऐकलं की पहिली शंका लीडपाइपवर घेतो.

अनुस्वार

लेकीला विचारलं. दोन्हींत आट्यांची आहे, आणि प्रत्येक स्लाइडबरोबर छोट्या पिशवीत आणखी दोन-दोन दिल्या आहेत, १, २, ३ असे आकडे कोरलेल्या! पितळेच्या स्लाइडमध्ये ३ लावलेली, म्हणजे सगळ्यात मोकळी. निकेलवालीत १, सगळ्यात घट्ट. आम्हा कुणाच्या लक्षातच नाही आलं.

ध्वनिलहरी

म्हणजे चार गोष्टी बदलल्या होत्या. ब्रेमेनकर, मानलं तुम्हाला.

चहाबाज

घोड्यांच्या शर्यतीसारखं झालं, जिंकला घोडा की जॉकी! सरळ परीक्षा घ्या ना. लेकीला तळघरात बसवा, तुम्ही दोघं वर स्वयंपाकघरात. तिने वाजवायचं, तुम्ही ओळखायचं. जो हरेल त्याने आठवडाभर भांडी.

ध्वनिलहरी

@चहाबाज, उत्तम, आणि मी गंभीरपणे म्हणतो. नीट करा: प्रत्येक वेळी नाणं उडवून स्लाइड ठरवायची, लेकीने एकच ओळ वाजवायची, २० वेळा हळू, २० वेळा जोरात. कागदावर लिहून ठेवायचं, मधे बोलायचं नाही. आधी दोन्हींत २ क्रमांकाची लीडपाइप लावा.

जोरात आणि हळू वेगळं का, ते सांगतो. १९९६ साली हिर्शबर्ग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रॉम्बोन जोरात वाजवला की नळीत चक्क धक्कालहरी तयार होतात. हवेतली दाबाची लहर मोठी झाली की तिचा माथा पायथ्यापेक्षा वेगाने धावतो. सरळ, एकाच व्यासाच्या लांब नळीत तो माथा पुढे पुढे सरकत जातो आणि लहरीची पुढची बाजू कड्यासारखी उभी होते. कडा उभी झाली की वरचे स्वरांश भरभरून येतात आणि आपल्याला तो झणझणीत, फाडणारा पितळी आवाज ऐकू येतो. हे घडायला सरळ नळी हवी, आणि ट्रॉम्बोनमध्ये ती सरळ नळी म्हणजे स्लाइड! पहिल्या स्थानालासुद्धा निम्म्याहून जास्त रस्ता तिचा आहे. बोअर बारीक केला की तीच ऊर्जा कमी जागेत, दाब जास्त, कडा लवकर उभी. ०.५२५ आणि ०.५४७ मध्ये अंतर अर्ध्या मिलिमीटरचं दिसतं, पण छेदाच्या क्षेत्रफळात ते ८ टक्के आहे. म्हणून माझा अंदाज: हळू वाजवलं तर तुम्हाला ओळखता येणार नाही, जोरात आलं तर येईल.

मांडवीकाठ

तियो हेच सांगायचे, शब्द वेगळे होते. "बारीक नळी लवकर पेटते" म्हणायचे. मला वाटायचं ते कौतुकाने बोलतायत.

कोथरूडचा_टर्नर

ही लहरीची गोष्ट मी नातवाला वाचून दाखवली. मनापासून आभार सर.

अनुस्वार, एक सूचना. दोन स्लाइडींच्या लीडपाइपा अदलाबदल करायला जाऊ नका. ०.५४७ची ०.५२५च्या नळीत शिरणार नाही, जोर केला तर आतला पृष्ठभाग खराब होईल. प्रत्येकीची तिच्यातच.

बँडमास्तर_सातारा

आणि स्लाइड बदलताना आधी बाहेरचा भाग लॉक करा. लॉक न करता वाद्य उचललं की बाहेरचा भाग घसरून फरशीवर आपटतो. माझ्यासमोर एका जवानाची स्लाइड अशीच गेली, परेडच्या आदल्या रात्री. पोरगा रडला होता.

बासरीवाला

वळशाच्या आकाराबद्दल कोणी बोललं नाही. माझ्या ओळखीचे एक वादक एकाच गोलाईचा वळसा घेतात, त्यांचे मित्र दोन कोपऱ्यांचा, म्हणजे मधे जरा सपाट असलेला. दोघंही आपलंच बरोबर म्हणतात.

ब्रेमेनकर

दोन्ही असतात. बहुतेक वादक म्हणतात की अर्धगोल वळसा मोकळा आणि सलग लागतो, दोन कोपऱ्यांचा सुरांना जास्त पकडून ठेवतो. मला स्वतःला फरक जाणवला, पण मी वळसा बदलताना अख्खी स्लाइड बदलली होती, म्हणून त्यावर पैज लावणार नाही. वळसा घडवणं मात्र बघण्यासारखं असतं. सरळ नळी वाकवली की चेपते, म्हणून आत डांबरासारखं काही किंवा साबणाचं पाणी गोठवून भरतात, मग वाकवतात. वितळवून काढलं की आतून नितळ गोल. आणि जिथे सरकणारी नळी संपून वळसा सुरू होतो तिथे पायरी राहता कामा नये. नखाला लागेल इतकी पायरीही वादकाला सापडते.

चकली_भाजणी

मी आलेय फक्त निकालासाठी. भांडी कोण घासतंय?

अनुस्वार

निकाल. काल रविवारी दुपारी केलं. धाकट्याला नाणं उडवायचं काम दिलं, त्याने फारच मनावर घेतलं. लेक तळघरात, आम्ही वर, दार लावून. दोन्हींत २ क्रमांकाची लीडपाइप.

हळू: बाबा २० पैकी ९, मी ११.
जोरात: बाबा १६, मी १८.

बाबा कागदाकडे बघत बसले. मग स्वतःच म्हणाले, "निकेलवाली जोरात आली की कडेला किंचित ठिणगी पडते." मनाचा खेळ म्हणणाऱ्या माणसाने ठिणगी हा शब्द वापरला.

ध्वनिलहरी

वा! निव्वळ अंदाजाने २० पैकी १६ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी आहे. आणि ९, ११ म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

एक गोष्ट लक्षात ठेवा: लेकीला हातात कुठली आहे ते माहीत होतं, वजनावरूनच कळतं. ती नकळत वेगळं वाजवत असू शकते. तरीही फरक फक्त जोरात वाजवताना दिसला, यावरून मला बोअरचा हात जास्त वाटतो. निकेलचं श्रेय मी अजून देत नाही.

कोथरूडचा_टर्नर

आणि लेकीला काय वाटलं? तिचा "सूर सापडतो" कुठे गेला?

अनुस्वार

हेच सांगायचं राहिलं, आणि तेच महत्त्वाचं आहे. दोन्हींत २ क्रमांक लावल्यावर ती म्हणाली, आता दोन्ही जवळजवळ सारख्या "सापडतात". मग तिने पितळेच्या स्लाइडमध्ये १ लावली. पहिला सूर फुंकला आणि थांबली. पुन्हा फुंकला. "आई, हेच ते, मला निकेलमध्ये जे आवडलं होतं ते हे!" म्हणजे दोन आठवडे ती ज्या गोष्टीसाठी निकेलवाली मागत होती ती वीतभर नळीत होती.

आणि जोरात वाजवताना तिला पितळेच्या स्लाइडचा आवाज आवडतो. ठिणगी उशिरा पडते, तोवर आवाज मोठा होत राहतो. ऑर्केस्ट्रात तिला शेवटच्या भागात तिघांबरोबर एकत्र जोरात वाजवायचं असतं, तिथे एकटीचा आवाज फाटून वर आलेला सरांना चालत नाही.

मांडवीकाठ

ऑर्केस्ट्रासाठी पोरीने बरोबर निवडलं. माइकसमोर बसायची वेळ आली तर मात्र तियोंची आठवण काढा.

बँडमास्तर_सातारा

पितळ घेताय तर वळसा आतून कोरडा ठेवा. वाजवून झालं की पाणी काढायची कळ उघडून दोन फुंका, मग कापड. रोज.

बासरीवाला

वजनाचं काय? पितळेची जड ना? हात दुखणार नाही?

अनुस्वार

विचारलं होतं. ती म्हणाली पहिले चार दिवस जाणवलं, आता नाही. उलट स्लाइड स्थानावर पोचली की जागच्या जागी थांबते, हलकी पुढे जाऊन डुलायची. पण वेगाच्या ओळींना हलकी बरी हे तिने प्रामाणिकपणे कबूल केलं.

टर्नर काका, तुमची परीक्षाही केली. दोन्ही उभ्या धरून सोडल्या, बाबांनी खाली हात धरला. निकेलवाली एका जागी अगदी किंचित थांबून गेली. पितळेची सरळ आली.

आज कारखान्यात जाऊन सांगून आलो. पितळेची, ०.५४७, लीडपाइप १. ज्या कारागिराने ती जोडली होती ते स्वतः बाहेर आले. लेकीने लीडपाइपची गोष्ट सांगितली तेव्हा ते मान हलवत हसले आणि म्हणाले, तीन नंबर मी मुद्दाम लावली नव्हती, टेबलावर समोर होती ती लावली.

ब्रेमेनकर

अभिनंदन! पिशवीतल्या २ आणि ३ टाकू नका. पाच वर्षांनी तिचे ओठ वेगळे असतील, १ घट्ट वाटायला लागेल.

कोथरूडचा_टर्नर

मनापासून अभिनंदन. जमलं तर आतल्या नळीचा, मोज्यांजवळचा, एक फोटो टाका. खिडकीपाशी, आडव्या उजेडात. क्रोमवरून डाग दिलेल्या जागेपर्यंत उजेड कसा सरकतो ते बघायचंय.

अनुस्वार

टाकते काका. सध्या ती वाजवतेय, हातातून घेववत नाही.